मुसाफिर आणि मुकीम

शरीयतच्या हिशेबात माणूस एक तर मुकीम असतो, नाही तर मुसाफिर. आपल्या गावात आहे तो मुकीम. गाव सोडून लांबच्या वाटेला लागला तो मुसाफिर. मुकीमने नमाज पूर्ण पढायची. मुसाफिरला सवलत आहे. जोहर, असर आणि इशाच्या चार फर्ज रकातींच्या जागी तो दोनच पढतो, त्याला कसर म्हणतात. रमजानचे रोजे तो मागाहून भरून काढू शकतो. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, त्यामुळे आम्हाला आणखी एक मुभा आहे. प्रवासात जोहर आणि असर एकत्र, मगरिब आणि इशा एकत्र पढता येतात. प्रवासात माणसाचे हाल होतात, म्हणून ही सूट. घर सांभाळत मागे राहिलेल्या माणसाला सूट नाही. तो मुकीम.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण, आमच्या संसाराची वाटणी नेमकी अशीच झाली होती. हे मुसाफिर, मी मुकीम.

लग्नाला 32 वर्षं झाली. हे मर्चंट नेव्हीत होते, इंजिन रूमच्या बाजूला. शेवटची काही वर्षं चीफ इंजिनिअर, म्हणजे बोटीवरच्या भाषेत ‘बडा साब’. दाभोळ खाडीच्या काठावरच्या आमच्या गावात कुणी बोटीवर, कुणी आखातात, हे घरोघरी असायचं, त्यामुळे मी काही जगावेगळं भोगलं असं म्हणणार नाही. सुरुवातीला नऊ-नऊ महिन्यांची काँट्रॅक्ट्स, मग सहा, मग चार. सासू-सासरे घरी होते, मुलं शाळेत होती, म्हणून बाकीच्या ऑफिसरांच्या बायकांसारखं बोटीवर जाऊन राहणं मला कधी जमलं नाही. हे रिटायर झाल्यावर एके दुपारी मी त्यांची सीडीसीची पुस्तकं काढून बसले. बोटीवर चढल्या-उतरल्याची प्रत्येक तारीख त्यात लिहिलेली असते. वही घेऊन बेरीज केली. 32 वर्षांत आम्ही एका छताखाली राहिलो ती 11 वर्षं आणि काही महिने. तेही तुकड्यातुकड्यांनी.

मग ते कायमचे घरी आले आणि एका घरात दोन मुकीम झाले.

ज्यांच्या घरात असं झालंय त्यांना पुढचं सांगायला नको. सुट्टीवर आलेला नवरा पाहुणा असतो. त्याच्या आवडीचं रांधायचं, त्याला काही सांगायचं नाही, कारण तो पुन्हा जाणार आहे. न जाणाऱ्या नवऱ्याचं काय करायचं, ते कुणी शिकवलेलं नसतं. साखरेचा डबा कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण टाकीत पाणी चढवायचा पंप किती वाजता लावावा याचं वेळापत्रक त्यांनी आठवड्याभरात भिंतीवर चिकटवलं. मी 32 वर्षं तो पंप वेळापत्रकाशिवाय चालवला होता.

न्यूझीलंडची कल्पना त्यांची. तिथे गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते, इंग्रजीतलं भारतीय लायसन्स चालतं, आणि कॅम्परव्हॅन भाड्याने मिळते. कॅम्परव्हॅन म्हणजे चाकांवरची खोली: झोपायला पलंग, दोन शेगड्या, बेसिन, छोटा फ्रिज, छोटा संडास. मला भीती वाटत होती, ती थंडीची किंवा घाटांची नाही. तुकड्यातुकड्यांनी संसार केलेली दोन माणसं सहा मीटर लांबीच्या डब्यात बारा दिवस सलग कशी राहणार, ही. घरात निदान माझी खोली आणि त्यांचा ओटा असा फरक होता. इथे भांडून जायला जागा नव्हती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात क्राइस्टचर्चला उतरलो. विमानतळावर खाण्याचं जे काही बरोबर असेल ते सगळं जाहीर करावं लागतं, चपलांना लागलेल्या मातीबद्दलसुद्धा विचारतात. माझे पाकीटबंद मसाले सुटले. गाडी ताब्यात घेण्याआधी आम्ही हॅगली पार्कसमोरच्या अल नूर मशिदीत गेलो. 15 मार्च 2019 ला, शुक्रवारच्या नमाजच्या वेळी, या मशिदीत आणि लिनवूडच्या मशिदीत मिळून 51 माणसं एका हल्लेखोराने मारली. जोहर पढून मी थोडा वेळ बसून राहिले. आयुष्यभर मला वाटत आलं की धोका जाणाऱ्याला असतो. वादळ, आग, सोमाली चाचे, सगळं तिकडे समुद्रावर. इथली माणसं आपल्याच शहरात दुपारच्या नमाजला गेली होती. मुकीम होती. घरी डाळभात झाकून ठेवलेला असेल.

मशिदीतून बाहेर आल्यावर आम्ही दोघंही बराच वेळ बोललो नाही. मग गाडी घेतली आणि बोलणं सुरू झालं, म्हणजे वाद सुरू झाला.

कॅम्परव्हॅनमध्ये प्रत्येक गोष्टीला ठराविक जागा असते, कारण वळणावर सुटी वस्तू उडते. न्यूझीलंडमध्ये ‘सेल्फ कन्टेन्ड’ दाखल्याची गाडी म्हणजे किमान तीन दिवस पाणी आणि घाण स्वतःच्या पोटात सांभाळू शकणारी. पिण्याच्या पाण्याची टाकी वेगळी, वापरलेल्या पाण्याची वेगळी, संडासाची पेटी वेगळी. ती पेटी रस्त्यातल्या डम्प स्टेशनवर जाऊन आपल्या हाताने रिकामी करायची. हे काम ह्यांनी पहिल्या दिवशीच आपल्याकडे घेतलं आणि इतक्या प्रेमाने केलं की मला हसू यायला लागलं. टाक्या, पंप, बॅटरी, गॅसचा व्हॉल्व्ह. जहाजच होतं ते, फक्त छोटं. दुसऱ्या दिवशी फ्रिजवर कागद लागला: निघण्यापूर्वी गॅस बंद, खण बंद, छताची खिडकी बंद. तिसऱ्या दिवशी भांडी कुठल्या खणात ठेवायची हे त्यांनी मला सांगितलं. मी म्हटलं, “हे तुमचं जहाज असेल, पण स्वयंपाक माझा आहे.” लिंडिस पासच्या पिवळ्या डोंगरांतून आम्ही तासभर न बोलता गेलो. डोंगर फार सुंदर होते. दोघांनीही ते एकमेकांना दाखवले नाहीत.

वजूवरून मात्र वाद झाला नाही. पैगंबर साहेब (स.) एका मुद्द पाण्यात वजू करत असत असं हदीसमध्ये आहे. मुद्द म्हणजे ओंजळभर, एक लिटरपेक्षा कमीच. गावी नळाखाली वजू करताना हे कुणाला आठवतं? टाकीतल्या पाण्याचा काटा खाली जाताना डोळ्यांसमोर दिसला की लगेच आठवतं. मी तांब्याने त्यांच्या हातावर पाणी घालायचे, ते माझ्या. असं केलं की पाणी खरंच कमी लागतं. एवढी साधी गोष्ट आम्ही पहिल्यांदा करत होतो.

किब्ल्याचं कोडंही त्यांनीच सोडवलं. आपल्याकडे कोकणातून मक्का पश्चिमेला, थोडी उत्तरेकडे झुकून. न्यूझीलंडच्या त्या दक्षिण टोकाला नकाशावर पाहिलं तर मक्का वायव्येला दिसते, पण किब्ला येतो पश्चिमेला आणि थोडा दक्षिणेकडे. मला पटेना. त्यांनी एक संत्रं घेतलं, त्यावर दोन टिंबं काढली आणि दोरा ताणून दाखवला. गोल पृथ्वीवर जवळची वाट वाकडी दिसते, जहाजंही तशीच जातात. शिवाय तिथे होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून वीस अंशांहून जास्त पूर्वेला झुकते, तो फरक वजा करायचा. 32 वर्षं ज्या माणसाच्या नोकरीबद्दल मला ‘इंजिन’ एवढाच शब्द ठाऊक होता, तो माणूस संत्र्यावर दोरा धरून मला काही समजावत होता आणि मला ते समजत होतं.

ते अनाउ हे फियॉर्डलँडच्या वेशीवरचं गाव. तिथून मिलफर्ड साउंडपर्यंत सुमारे 120 किलोमीटरचा रस्ता. ते अनाउलाच टाकी भरून घ्यायची आणि फोन खिशात ठेवून द्यायचा, कारण पुढे बहुतेक वाटेवर नेटवर्क नाही. एग्लिंटनचं सपाट खोरं, दोन्ही बाजूंना बर्फाने तासलेले उभे कडे, मग चढ, आणि घाटमाथ्यावर होमर टनेल. 1935 साली मंदीच्या काळात बेकार माणसांना काम द्यायचं म्हणून हा बोगदा खणायला घेतला. हिमकडे कोसळून कामावरची माणसं मेली, मध्ये युद्ध आलं, आणि तो खुला झाला 1954 साली. लांबी जेमतेम सव्वा किलोमीटर. आतला खडक तसाच उघडा, वरून पाणी ठिबकणारा, आणि रस्ता समुद्राच्या बाजूला सरळ उतरत जातो. पलीकडे बाहेर पडलो तेव्हा पाऊस कोसळत होता.

मिलफर्डला वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. रत्नागिरीचा तीन हजारांच्या वर म्हणजे आपल्याला केवढा वाटतो. आंबोलीच्या पंगतीत बसणारा हा पाऊस, फक्त गार. आणि तो पडला नाही तर तिथे जाऊन उपयोग नाही, असं आता मी म्हणेन. कायमचे मोठे धबधबे तिथे दोनच, लेडी बोवेन आणि स्टर्लिंग. पाऊस लागला की मात्र प्रत्येक कड्यावरून पांढऱ्या दोऱ्या सुटतात. मोजता येत नाहीत.

बोट सुटली. मायटर पीक हा डोंगर पाण्यातून सरळ वर उठतो, 1,680 मीटरहून उंच. आपलं कळसूबाई 1,646 मीटर, तेही समुद्रापासून किती आत. इथे कळसूबाईहून उंच डोंगर खाडीत पाय सोडून बसलाय अशी कल्पना करा. बोटीवरची बाई ध्वनिक्षेपकावर माहिती सांगत होती. नावात साउंड असलं तरी हे साउंड नव्हे, असं ती म्हणाली. नदीने कोरलेल्या खोऱ्यात समुद्र शिरला तर तो साउंड. हे खोरं हिमनदीने कोरलंय, म्हणून हा फियॉर्ड. सीलच्या शिकारीवर आलेल्या जॉन ग्रोनो नावाच्या वेल्श कप्तानाने 1812 च्या सुमारास आपल्या मुलखातल्या मिलफर्ड हेवनचं नाव याला दिलं. त्याआधी 1770 मध्ये कॅप्टन कुक या किनाऱ्याने गेला, पण आत शिरला नाही. बाहेरून मुख ओळखूच येत नाही.

“मिलफर्ड हेवनला मी गेलोय,” हे एकदम म्हणाले. “टँकर घेऊन. तेलाचं बंदर आहे. ते मात्र नदीचंच खोरं आहे, आपल्या दाभोळसारखं.” मग थोडं थांबून म्हणाले, “म्हणजे तसं ऐकलंय.”

“ऐकलंय म्हणजे? जाऊन आलात ना?”

तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. जहाज बंदरात शिरताना आणि सुटताना चीफ इंजिनिअर इंजिन कंट्रोल रूममध्ये असतो. वरून हुकूम येतो तसं इंजिन चालवायचं असतं, बिघाड झाला तर त्याच क्षणी महागात पडतं. खाली खिडकी नसते. खुल्या समुद्रात पोचल्यावर कधी तरी वर यावं, तोवर किनारा गेलेला असतो. चौथा इंजिनिअर होते तेव्हाही खाली, चीफ झाले तेव्हाही खाली. “जगातली इतकी बंदरं केली,” ते म्हणाले, “पण बंदर सुटताना कसं दिसतं ते मी धड पाहिलेलंच नाही.”

इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर एक चित्र होतं. जहाज निघालंय, हे डेकवर कठड्याला टेकून उभे आहेत, मागे किनारा लहान होत चाललाय आणि ते आमच्याकडे पाहताहेत. कितीतरी रात्री मी ते चित्र घेऊन झोपले होते. प्रत्यक्षात ते निघण्याच्या वेळी कानाला मफ लावून, घामाने भिजून, काट्यांकडे बघत बसलेले असायचे. मला एका परीने बरंच वाटलं. कठड्यावर उभं राहून बघत राहण्यापेक्षा कामात असणं सोपं. मी पण कामातच असायचे.

बोट फियॉर्डच्या मुखाशी आली. पंधरा-सोळा किलोमीटरची ही वाट इथे टास्मान समुद्रात उघडते. कड्यांचा आडोसा संपला आणि बोट डोलायला लागली. लोक कठडे धरून हसत होते, मी घाबरून ह्यांचा दंड धरला. त्यांचे पाय जागचे हलले नाहीत. मी त्यांना स्वयंपाकघरात अडखळताना पाहिलंय, बाजारात भाव विचारताना गोंधळलेलं पाहिलंय, मुलांच्या शाळेत पालकसभेला कुठल्या वर्गात जायचं ते न कळून जिन्यात उभे राहिलेलं पाहिलंय. डोलणाऱ्या डेकवर असं भक्कम उभं राहिलेलं पहिल्यांदाच पाहत होते. बोट तिथे वळली. कडे पुन्हा जवळ येऊ लागले आणि ते पुढच्या बाजूला जाऊन, पावसात भिजत, आत येणारा किनारा बघत राहिले. मी हाक मारली नाही.

परतीच्या वाटेवर खडकावर सील पसरले होते. त्या बाईने उजवीकडच्या कड्यावरचा एक उघडा पट्टा दाखवला. त्या कड्यांवर माती नावापुरतीच आहे. शेवाळात झाडं रुजतात आणि एकमेकांच्या मुळांना धरून उभी राहतात. एक सुटलं तर खालची सगळी घेऊन जातं, आणि उरतो तो नागडा कातळ. मग त्यावर पुन्हा दगडफूल, शेवाळ, नेचे आणि शेवटी झाडं, असं जंगल परत यायला शंभरेक वर्षं लागतात. जंगलातून पावसाचं पाणी चहासारखं काळपट होऊन येतं आणि खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर बनून तरंगतं. त्याने खाली अंधार होतो आणि एरवी खोल समुद्रात राहणारं काळं पोवळं इथे दहाएक मीटरवरही वाढतं.

माओरी लोक या जागेला पिओपिओताही म्हणतात. पिओपिओ हा पक्षी, ताही म्हणजे एक. माउई मेला तेव्हा त्याच्या दुःखात एक पिओपिओ एकटाच इथवर उडत आला अशी कथा आहे. तो पक्षी आता जगातून नाहीसा झालाय. दुसरी कथा अशी की हे फियॉर्ड देवाने कुऱ्हाडीने तासले आणि ते इतके सुंदर झाले की मृत्यूच्या देवीला काळजी पडली, माणसं इथून हलणारच नाहीत. म्हणून तिने चावऱ्या माश्या सोडल्या. त्या माश्या आम्हाला धक्क्यावर भेटल्या. चिलटाएवढ्या, पण रक्त काढतात. देवीचा उपाय अजून चालतो, आम्ही पळत गाडीत शिरलो.

रात्री कॅस्केड क्रीकच्या सरकारी तळावर मुक्काम होता. तिथे सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो, इशाची वेळ व्हायला जवळजवळ मध्यरात्र होते. मुसाफिर असल्यामुळे मगरिबबरोबरच इशा पढायची होती. बाहेर पाऊस आणि माश्या, म्हणून नमाज गाडीतच. कॅम्परव्हॅनमधली मधली वाट इतकी अरुंद असते की तिथे शेजारी दोन माणसं उभी राहू शकत नाहीत. एकामागे एक मात्र बरोबर राहतात. आणि नवरा-बायकोच्या जमातीत बायकोने मागेच उभं राहायचं असतं. प्रश्न फक्त गाडीच्या तोंडाचा. म्हणून हे मुक्कामाला पोचले की आधी गाडीचं नाक किब्ल्याकडे करायचे. त्या रात्री चार वेळा मागे-पुढे केली. शेजारच्या तंबूतला तरुण बाहेर येऊन विचारून गेला, काही मदत हवी का. ह्यांनी सांगितलं, “पार्किंग नीट करतोय.”

सुट्टीत गावी असताना ते मशिदीत जायचे आणि मी घरी पढायचे, तेच योग्य आणि तीच रीत. त्यामुळे त्यांच्या मागे उभं राहून त्यांची किरात ऐकणं मला फार क्वचित घडलं होतं. त्या बारा दिवसांत आम्ही कुठेच चार दिवस थांबलो नाही, म्हणून शेवटपर्यंत मुसाफिर राहिलो आणि प्रत्येक वेळची नमाज जमातीने पढलो. ते सूरह फार हळू म्हणतात हे मला आता माहीत आहे. दमले की आणखी हळू. सलाम फेरल्यावर त्यांनी मागे वळून विचारलं, “घाई तर होत नाही ना तुला?” मी म्हटलं, “नाही. असंच म्हणा.”

मला आता एवढं कळलंय की आमच्या घरातलं भांडण साखरेच्या डब्याचं किंवा पंपाचं नव्हतं. माझ्या मुकामावर ते नवखे होते, आणि त्यांच्या सफरीत मला कधी जागाच नव्हती. गाडी दोघांनाही सारखीच परकी होती. तिथे दोघांनाही एकाच नियमाने सूट मिळाली. ज्यांच्या घरात कुणी आयुष्यभर बोटीवर किंवा आखातात राहून परत आलंय, त्यांना मी सांगेन की जमलं तर एकदा दोघंही मुसाफिर व्हा. न्यूझीलंडच पाहिजे असं नाही, एसटीनेही होता येतं. फक्त गाव मागे पडलं पाहिजे.

सवलत संपते ती स्वतःच्या गावाच्या हद्दीत पाऊल टाकताच, घरात शिरेपर्यंतही राहत नाही. चिपळूण मागे पडलं, खाडी दिसली आणि आम्ही दोघंही एकाच क्षणी मुकीम झालो. त्या रात्री इशाच्या चार रकाती पूर्ण पढलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला न विचारता चहा केला. साखर जास्त झाली होती, पण डबा त्यांना सापडला होता.